येरमाळ्याचे चुन्याचे रान

आपल्या तामलवाडीच्या उत्तरेस, कळंब तालुक्यात येरमाळा आहे. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगरावरून चुन्याच्या रानात येते आणि लाखो भाविक भर उन्हात चुनखडीचे खडे वेचून ढीग घालतात. हा चुना देवळाच्या कामी लागायचा. सिमेंट येण्यापूर्वी चुनखडी भट्टीत भाजावी, पाण्यात विरवावी, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळावी, तेव्हा कुठे दगडाला दगड धरे. देवळांच्या शिलालेखांत दात्याचे नाव सापडते. खडे वेचणाऱ्या बाईचे मी अजून वाचलेले नाही. तिचा इतिहास या यात्रेतच शोधावा लागतो. हे काम वेठ नव्हे, तशी मजुरीही नव्हे, एवढे मुद्दाम सांगतो. वेचणी आटोपली की पालखी आमराईत मुक्कामाला जाते.