लोखंड सरकारचं, लाकूड घरचं

बंदूक म्हटली की माणूस आधी नळी बघतो, मग चाप. लाकडाकडे कुणी बघत नाही. नळीवर शिक्का असतो, नंबर असतो, आणि तोच नंबर परवान्यात लिहिलेला असतो. लाकडावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणूनच की काय, घरात जुनी बंदूक असली की पहिला विचार येतो तो "लाकूड घासून मस्त पॉलिश मारून घेऊ" हा. मागच्या वर्षी आमच्या घरात हाच विषय निघाला. त्या निमित्ताने जे वाचलं आणि जे हातांनी केलं, ते लिहून ठेवतो आहे. इतिहास हा माझा शाळेत शिकवण्याचा विषय, त्यामुळे सुरुवात थोडी मागून होणार. मंडळींनी सांभाळून घ्यावे.

बंदुकीच्या लाकडी भागाला आपण दस्ता म्हणतो. आमच्याकडची जुनी माणसं 'कुंदा' म्हणत. आपल्याकडे हातातली बंदूक रुळली ती सोळाव्या शतकात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि १५१३ मध्ये अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिताना गोव्याच्या कारागिरांनी घडवलेल्या बंदुकांची तारीफ केली. म्हणजे हे काम आपल्या लोहार-सुतारांना नवखं नव्हतं. ती बंदूक तोड्याची. पेटती जामगी चापाने खाली यायची, कानावरची रंजक पेटायची आणि बार उडायचा. तिचा दस्ता सरळ आणि सडपातळ असे. खांद्याला भिडणारा रुंद, बाकदार दस्ता युरोपियन पद्धतीचा. तो चकमकीच्या बंदुकीबरोबर आपल्या फौजांत आला. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी लढले, पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, त्या काळात हा आकार आपल्या लोकांच्या हाताला सवयीचा झाला. एकोणिसाव्या शतकात चकमक जाऊन टोपी आली. बार मात्र तोंडाकडूनच भरायचा, गजाने ठासायचा. हीच ती ठासणीची बंदूक.

मग १८५७ झालं आणि सरकारचं लक्ष लोकांच्या हातातल्या हत्यारांकडे गेलं. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती! गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्यावर कडक टीका केली आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात एक बारीकशी तरतूद आहे, ती खेड्यातल्या माणसाने वाचावी अशी. पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी कायद्याने ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतलं आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी. ज्वारीच्या राखणीची बंदूक देशाच्या कायद्यात जाऊन बसली आहे, हे मला फार आवडलं.

आमची बंदूक त्याच जातीची. थोरल्या काकांच्या नावावर होती, परवान्यावर कारण 'पीकसंरक्षण'. काका गेल्यावर ती रीतसर जमा झाली, आणि पुढे परवाना पुतण्याला मिळाला. तो म्हणाला, "नाना, तुम्हाला सुतारकामाचा नाद आहे. एकदम नव्यासारखी चकचकीत करून द्या की. हॉलमध्ये लावतो."

पहिलं काम म्हणजे बंदूक रिकामी आहे का ते पाहणं. ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षे बार तसाच राहू शकतो, आणि बाहेरून काही कळत नाही. बंदूकवाल्याने टोपी नाही हे बघितलं, नळीचं तोंड सर्वांपासून लांब वळवलं, गज आत सोडला, तोंडाशी बोटाने खूण केली, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण कानापर्यंत पोचली तर रिकामी. दोन-तीन बोटं कमी भरली तर आत काहीतरी आहे, आणि मग घरी कुणी हात लावायचा नाही. आमची रिकामी होती. नळी आणि चाप त्यानेच सोडवून पुतण्याच्या ताब्यात दिले, कारण परवाना त्याचा. माझ्याकडे आलं ते नुसतं लाकूड. काळपट, चिकट, एका बाजूने तपकिरी ऑइलपेंट फासलेलं.

चिकटपणाचं कारण आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात आहे. दरवर्षी खंडेनवमीला बंदूक पुसून, तेल लावून पूजेत ठेवायची. तेल कुठलं? घरात असेल ते. जवसाचं तेल हवा खाऊन वाळतं, त्याचा पातळ कडक पापुद्रा होतो. करडईचंही वाळतं, पण सावकाश. शेंगतेल वाळतच नाही, त्यावर धूळ बसते. पूर्वी आमच्याकडे करडईचं तेल होतं, नंतर शेंगतेल आलं. लाकडावर हा बदल थरांनी दिसत होता. आतला थर कडक, वरचा चिकट!

स्पिरिटचा एक थेंब कडेला टाकून पाहिला. बोटाला चिकटलं, म्हणजे खाली लाखेचं पॉलिश. ऑइलपेंट थिनरने थोडा थोडा उतरवला. चापाजवळचं लाकूड तेल पिऊन काळं पडलं होतं. तिथे खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून लेप दिला. सुकला की पिवळा पडायचा, झटकायचा, पुन्हा द्यायचा. चार वेळा दिला. (इतकी वर्षं खडू झिजवले, त्याचा उपयोग शेवटी इथे झाला.) लहान खोक्यांवर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात आणि काचपेपर न लावता खोक भरून निघते. जिथे तंतू तुटलेले असतात तिथे मात्र हा उपाय चालत नाही.

हे सगळं होईपर्यंत माझा विचार बदलत चालला होता. लाकूड शिसवाचं निघालं. डाव्या बाजूला, जिथे गाल टेकतो, तिथे ते गुळगुळीत झालेलं. मनगटाच्या बारीक भागावर अंगठ्याच्या जागी हलका खळगा. तो काकांच्या आधीच्या माणसाचाही असणार, एका आयुष्यात शिसव एवढं झिजत नाही. आणि चापाच्या खाचेत, पितळी पट्टीच्या कडेला, हळदी-कुंकवाची लाल रेघ. किती नवम्यांचं कुंकू ते! काचपेपर घेऊन बसलो असतो तर अर्ध्या तासात खळगा, रेघ सगळं भुकटी होऊन खाली पडलं असतं, आणि हॉलमध्ये लागली असती ती बाजारातून आणल्यासारखी दिसणारी बंदूक. नळीवरच्या नंबरावरून सरकारला मालक कळतो. ती कुणाच्या हातात होती हे लाकडाशिवाय कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून रंग फक्त एका जागी दिला. दस्त्याच्या खालच्या टोकाला कुणीतरी जुन्या काळी सागवानाचा तुकडा बसवला होता, तो फिका दिसत होता. आधी हिरडा आणि हिराकस करून पाहिलं, बोरूच्या शाईसारखा काळा रंग येतो. तो फार गडद झाला असता, म्हणून वेगळ्या फळीवरच थांबलो. मग विड्याचा कात गरम पाण्यात उकळून दोन हात दिले, वरून चुन्याची निवळी. तांबूस तपकिरी रंग शिसवाशी बराच जुळला. शेवटी सगळ्या दस्त्याला जवसाचं तेल, अगदी पातळ, तळहाताने चोळून. जास्तीचं पुसून घ्यायचं आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची, असे पाच हात. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा : जवस तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.

पुतण्या थोडा नाराज झाला. त्याच्या मनात ती बंदूक म्हणजे वेगळंच काही आहे. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने तीन माणसं मारली. १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात त्याला गोळी घालण्यात आली, तोवर सूर्य मावळला की जेऊरच्या आसपास कुणी रानात थांबत नव्हतं. त्या दिवसांत अनेकांना भिंतीवरची बंदूक आठवली. खरं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय बिबट्यावर बार टाकता येत नाही, आणि ठासणीची बंदूक एकदा उडाली की दुसऱ्या बारापर्यंत बिबट्या थांबत नाही. तरीही ती घरात आहे, एवढ्यावर त्याची लेकरं झोपत होती. मला लाकडात जुनी माणसं दिसली, त्याला ती रात्र दिसते. दोघांचंही खरंच आहे. शेवटी त्याने मान्य केलं.

वाद राहिला तो एका गोष्टीवर. दस्त्याच्या उजव्या अंगाला चाकूने पाडलेल्या पाच बारीक खाचा आहेत, ओळीने. काकू म्हणायच्या, पाच रानडुकरं. दुसऱ्या एका वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं होतं, की १९४८ साली परांड्याकडचा मुलूख निजामाचा असताना रझाकारांच्या भीतीने सीमेलगत राखणीच्या पाळ्या असत, त्या रात्रींचा हा हिशोब. सांगणारे दोघंही आता नाहीत. पुतण्याचं म्हणणं, खाचा वाईट दिसतात, लांबी भरून टाकू.

आत्याकडच्या मंडळींपैकी, किंवा पुण्या-मुंबईच्या भावंडांपैकी कुणी या पाच खाचांबद्दल घरात काही ऐकलं असेल, तर जरूर कळवा. अर्धवट आठवत असलं तरी चालेल. तोवर लांबी काही भरू देत नाही.