पकडलेला साप, मडकं आणि मेथड्स सेक्शन

सर्पमित्रांसोबत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "घरात निघालेला नाग रेस्क्यू केला आणि अभ्यासासाठी महिनाभर पाळला, तर काय बिघडतं?" कायद्याचं उत्तर छोटं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय नाग बाळगणं गुन्हा आहे. विज्ञानाचं उत्तर मात्र जरा लांब आहे, आणि ते समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

१८९१ साली व्हिएतनामच्या दक्षिण भागात बाक लियु जवळच्या एका गावात पूर आला आणि पाण्याबरोबर नाग घरांत शिरले. अनेकांना दंश झाला, काही जण दगावले. एका स्थानिक गारुड्याने १९ नाग जिवंत पकडून पिंपात भरले आणि ते पिंप सायगावला आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरकडे पोचलं. त्या विषावर काल्मेतचं काम सुरू झालं आणि पुढे फ्रान्समध्ये लील इथे घोड्यांमध्ये प्रतिविष, म्हणजे अँटीव्हेनम, तयार होऊ लागलं. हे एकच औषध बाकीच्या विषारी सापांवरही चालेल, अशी काल्मेतची धारणा होती.

ती खोडून काढणाऱ्यांपैकी एक काम आपल्या मुंबईतलं आहे. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (हीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली) कॅप्टन जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं, की नागाच्या विषावरचं औषध घोणसच्या विषावर चालत नाही. तेव्हापासून "विष कोणत्या सापाचं?" हा प्रश्न टाळता येईना. साहजिकच प्रयोगशाळांना सगळ्या जातींचे साप लागायला लागले, तेही जिवंत आणि वारंवार विष देणारे.

इथेच खरी अडचण सुरू होते. रानातून आणलेला साप पिंजऱ्यात बरेचदा खातच नाही. त्याच्या अंगावर गोचिड्या आणि पोटात जंत असतात. रानात तो त्यांच्यासकट जगत असतो, पण कोंडल्यावर ताण आला की तेच डोईजड होतात. साप स्वतःच्या शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाही, म्हणून त्याला उबदार आणि गार अशा दोन्ही जागा लागतात. त्या नसल्या तर गिळलेलं भक्ष्यही पचत नाही, तो ओकून टाकतो. लपायला अंधारी जागा, प्यायला पाणी आणि कमीत कमी हाताळणी ही नव्या सापाची पहिली गरज. खायला घालण्याची घाई उलट त्रासच देते. १९६३ साली हाफकिनमधल्या पी. जे. देवरस यांनी सर्पालयात मिळालेल्या विषाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. अशा नोंदी वाचताना एक लक्षात ठेवायचं: आपण फक्त सापाचं माप घेत नसतो, त्याला कसं ठेवलंय त्याचंही माप त्यात येतं.

यावरचा सगळ्यात व्यवहारी तोडगा मला तमिळनाडूत दिसतो. इरुळा समाजातले लोक पिढ्यान् पिढ्या साप पकडत आणि कातडी विकत. १९७२ चा कायदा आणि १९७६ मधली सर्पकातड्यांची निर्यातबंदी यांमुळे त्यांचं पोट ज्यावर होतं तेच गेलं. मग १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळा सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं पकडायचं, मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला सुती कापड बांधायचं, तीन-चार आठवडे ठरावीक दिवसांनी विष काढायचं आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून परत सोडून द्यायचं. कात टाकता टाकता खूण पुसट होत जाते. तोवर तो साप पुन्हा हाती लागला तरी त्याला त्रास द्यायचा नाही.

इथे कोणी सापाला 'माणसाळवत' नाही. त्याला कमीत कमी दिवस ठेवायचं, हीच त्याची निगा. २०२३ मध्ये या समाजातले वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना पद्मश्री मिळाली.

मग प्रश्न सुटला का? नाही. देशातल्या प्रतिविषासाठी वापरलं जाणारं विष बहुतांशी याच एका भागातल्या सापांचं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवलंय, की एकाच जातीच्या सापांचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि औषधाची ताकदही सगळीकडे सारखी राहत नाही. कोकणात किंवा राजस्थानात कोणाला साप चावला, तर हा फरक कागदावरचा राहत नाही. लँब यांनी "कोणती जात?" विचारलं होतं, आज त्याला "कुठली?" हेही जोडावं लागतं.

म्हणून प्राण्यांवर काम करायचं ठरवत असाल तर आधी रीतसर परवानगी, आणि नमुन्याच्या वहीत निदान या गोष्टी हव्यातच: कुठे पकडला, कधी पकडला, किती दिवस ठेवला, कोणत्या तापमानाला, खाल्लं का, कितव्यांदा विष काढलं. पेपर वाचतानाही आधी मेथड्समध्ये हेच शोधा. "रानातून मिळवलेले साप" एवढंच लिहून लेखक पुढे गेला असेल, तर त्याचे आलेख कितीही देखणे असोत, थोडं थांबून वाचा.

आणि घरात निघालेला तो नाग? सर्पमित्राला वनविभागाकडे नोंद करू द्या आणि तो जिथला आहे त्याच परिसरात त्याला सोडू द्या.