घरगुती प्रिंटर निवडताना पाऊस, वीज आणि पानांचा हिशेब

पेण, रोहा : सातबारा उतारा, ई-आधार, महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज, विमा हप्त्याची पावती असे अनेक दस्तऐवज आता घरबसल्या मिळू लागले आहेत. मात्र ते कागदावर उतरविण्यासाठी गावातील माणसाला पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेतील झेरॉक्स दुकान गाठावे लागते. ऐन पावसात किंवा प्रवेशाची मुदत संपत आलेली असताना ही फेरी महाग पडते. त्यामुळे छपाई, स्कॅनिंग आणि छायाप्रत ही तिन्ही कामे करणारा 'ऑल-इन-वन' प्रिंटर घरी असावा, असा विचार अनेक कुटुंबांत सुरू होतो. तथापि, महिन्याकाठी दहा-वीस पाने छापणाऱ्या घराची गरज आणि रोज शेकडो पाने छापणाऱ्या कार्यालयाची गरज यांत मोठे अंतर आहे. कार्यालयातील यंत्र वापराने झिजते. घरातील यंत्र बहुधा पडून राहिल्याने बिघडते. कोकणातील निवडीचा पहिला निकष हाच असावयास हवा.

आधी पानांचा हिशेब

दुकानात जाण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांत घरात एकूण किती पाने छापावी लागली, याची नोंद करावी. समजा, १५ हजार रुपयांचे यंत्र पाच वर्षे टिकले. महिन्याला १० पाने छापल्यास पाच वर्षांत ६०० पाने होतात आणि केवळ यंत्राचा खर्च पानामागे २५ रुपये पडतो. महिन्याला ४० पाने असल्यास हाच खर्च सव्वासहा रुपये, तर १०० पाने असल्यास अडीच रुपये होतो. शाई अथवा टोनर, कागद आणि वीज यांचा खर्च वेगळा.

म्हणजेच महिन्याला चार-पाच पानांपलीकडे गरज नसेल आणि दुकान हाकेच्या अंतरावर असेल, तर प्रिंटर न घेणे हाच किफायतशीर निर्णय ठरतो. दुकान गावापासून दूर असेल, तर प्रवासभाडे आणि बुडालेला वेळ हिशेबात धरावा. आधार, बँक पासबुक यांसारखे कागद परक्या संगणकावर राहू नयेत, ही काळजीही रास्त आहे. बाहेर छपाई केलीच, तर काम झाल्यावर फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावी.

शाईचा प्रिंटर: स्वस्त, पण सवयीचा

इंकजेट प्रिंटरमध्ये केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडविले जातात. कॅनन व एचपी यांच्या घरगुती यंत्रांत ही शाई उष्णतेने, तर एप्सन व ब्रदर यांच्या यंत्रांत स्फटिकाच्या कंपनाने बाहेर ढकलली जाते. तंत्र कोणतेही असो, यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहिले की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. मग छपाईत पांढऱ्या रेघा उमटतात. छिद्रे मोकळी करण्यासाठी यंत्र स्वतःची साफसफाई करते आणि त्यातही शाई खर्ची पडते.

लहान काडतुसाच्या स्वस्त यंत्राची खरी किंमत येथे कळते. अशा काडतुसातून साधारणपणे १०० ते २०० पानेच निघतात. क्वचित छपाई करणाऱ्या घरात त्यातील बराच भाग साफसफाईत जातो. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात प्रथम आणलेल्या शाईटाकीच्या प्रिंटरांनी हे गणित बदलले. आज अनेक कंपन्यांच्या टाकीच्या यंत्रांत काळ्या शाईच्या एका बाटलीत चार ते सात हजार पाने छापता येतात. मात्र टाकी मोठी असली तरी छिद्रे वाळण्याचा धोका कायम राहतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांचे एक पान छापणे, हा असे यंत्र राखण्याचा साधा नियम आहे.

साफसफाईत वाया जाणारी शाई यंत्रातील शोषक पॅडमध्ये साठते. ते भरल्याची नोंद झाली की यंत्र छपाई थांबवते. हे पॅड किंवा त्याची पेटी ग्राहकाला स्वतः बदलता येते का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

लेसर: पडून राहिला तरी चालणारा

लेसर प्रिंटरचे मूळ चेस्टर कार्लसन यांच्या संशोधनात आहे. त्यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे विद्युतभाराच्या साह्याने कोरड्या भुकटीची पहिली प्रत काढली. पुढे त्या तंत्रावर उभ्या राहिलेल्या कंपनीचे 'झेरॉक्स' हे नाव मराठीत छायाप्रतीसाठीच रूढ झाले. लेसर प्रिंटरमधील टोनर ही प्लास्टिकची बारीक भुकटी असते. ती सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला कागदावर वितळवून बसविली जाते. टोनरमध्ये वाळण्यासारखे काही नसल्याने महिनाभर बंद असलेले यंत्रही पहिल्याच पानाला स्वच्छ छपाई देते.

अशा काळ्या-पांढऱ्या यंत्राची किंमत अधिक असते आणि सोबत मिळणारा पहिला टोनर बहुधा कमी पानांचा असतो. म्हणून पुढील टोनरची किंमत आणि पानसंख्या दुकानदाराकडून लिहून घ्यावी. काळ्या टोनरची पानसंख्या आयएसओ १९७५२ या मानकानुसार दिलेली असल्यास दोन यंत्रांची तुलना करता येते.

दमट हवा आणि ओला कागद

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात कागद हवेतील ओलावा शोषून घेतो, वाकतो आणि यंत्रात अडकतो. अशा वेळी दोष यंत्राचा नसून कागदाचा असतो. फोडलेले रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. ट्रेमध्ये गरजेपुरतीच पाने घालावीत आणि यंत्र भिंतीच्या ओलीपासून दूर, झाकून ठेवावे.

छापलेला कागदही पावसातून तहसील कार्यालयापर्यंत न्यावयाचा असतो. डाय प्रकारची शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. पिग्मेंट प्रकारची काळी शाई आणि टोनर त्या मानाने टिकतात. राज्यात २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर पडताळणीसाठी क्यूआर कोड असतो. तो फिसकटला तर कागद पुन्हा छापावा लागतो. म्हणून शाईचे यंत्र घेतल्यास काळी शाई पिग्मेंट प्रकारची आहे, याची खात्री करून घ्यावी.

विजेचा लपंडाव

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. शाईचा प्रिंटर छपाई करताना साधारण १० ते २० वॅट वीज घेत असल्याने घरगुती इन्व्हर्टरवर चालू शकतो. लेसरला छपाईच्या वेळी काही शे वॅट लागतात आणि कागद तापविणारा भाग सुरू होताना भार एकदम वाढतो. त्यामुळे लेसर यंत्र लहान यूपीएस किंवा इन्व्हर्टरला जोडू नये.

विजा कडाडू लागताच भिंतीवरील बटण बंद करण्याची कोकणात सवय आहे. शाईच्या यंत्राबाबत आधी यंत्रावरील बटण दाबावे, ते पूर्ण बंद होऊ द्यावे आणि मगच भिंतीवरील बटण बंद करावे. यंत्राच्या बटणाने बंद केल्यावर छिद्रांवर झाकण बसते. अन्यथा ती उघडी राहून वाळतात.

रंग आणि स्कॅनर

शासकीय कागदांसाठी रंग आवश्यकच असतो, हा समज सर्वस्वी खरा नाही. साध्या कागदावर काळ्या-पांढऱ्या रंगात छापलेले ई-आधारही ग्राह्य असल्याचे आधार प्राधिकरणाने स्पष्ट केलेले आहे. छायाचित्रे आणि मुलांचे शालेय प्रकल्प वारंवार छापावयाचे असतील, तरच रंगाचा आग्रह धरावा.

स्कॅनरसाठी सपाट काच असलेले यंत्रच घ्यावे. पासबुक, शिधापत्रिका किंवा जुने, जीर्ण झालेले फेरफार उतारे कागद ओढून घेणाऱ्या यंत्रात घालता येत नाहीत. बहुतेक घरगुती यंत्रांची काच ए-४ आकाराची असते. लीगल आकाराचा दस्त त्यावर एका वेळी मावत नाही, हे ध्यानात ठेवावे.

खरेदी, हमी आणि दाद

प्रिंटर व स्कॅनर २०१२ च्या आदेशान्वये भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली आले आहेत. यंत्रावरील 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. हमी किती वर्षांची व किती पानांची, तसेच पेणच्या ४०२१०७ आणि रोह्याच्या ४०२१०९ या पिनकोडवर तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र उचलून न्यावे लागते, हे कंपनीकडूनच विचारून घ्यावे. मोबाइलवरून थेट छपाई होते का आणि इंटरनेट नसताना यंत्र चालते का, हेही दुकानातच पाहावे.

पक्के बिल जपून ठेवावे. तक्रारीची दखल न घेतली गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच, म्हणजे येथील रहिवाशांना अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्यास शुल्क नाही.

कोणी काय घ्यावे?

केवळ कागदपत्रे छापणाऱ्या आणि अनेकदा आठवडे छपाई न करणाऱ्या घरासाठी काळा-पांढरा लेसर ऑल-इन-वन अधिक भरवशाचा. शाळकरी मुले असलेल्या, रंग लागणाऱ्या आणि आठवड्याला एक पान छापण्याची शिस्त पाळू शकणाऱ्या घराने शाईटाकीचे यंत्र घ्यावे. इन्व्हर्टरवरच काम भागवावे लागत असेल, तरीही तेच सोयीचे. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने चालविणाऱ्या कुटुंबांची गरज वेगळी आहे. हंगामात बिले व मागणीच्या याद्या भरपूर आणि उत्सवानंतर यंत्राला विश्रांती, अशी त्यांची रीत असल्याने त्यांना लेसर उपयुक्त ठरतो. लहान काडतुसाचे सर्वांत स्वस्त यंत्र मात्र क्वचित छपाई करणाऱ्यांनी टाळावे, कारण सुरुवातीला वाचलेले पैसे पुढे काडतुसांच्या खरेदीत जातात.