जुना पत्ता आणि दोषाचा शोध



नार्वे हे नाव दोन ठिकाणांचे आहे. दिवाडी बेटावरील नार्व्यात कदंब राजांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर नांदत होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले आणि देव नदीपलीकडे डिचोलीतील आपल्या नार्व्यास आला. येथील देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. जुन्याच पत्त्यावर जाणाऱ्यास आज कोटितीर्थाचे तळे दिसेल. देव मात्र भेटणार नाही. संगणकाच्या एका जुन्या व्याधीचा इतिहास सांगताना मला हाच दाखला जवळचा वाटतो.

संगणकाच्या स्मृतीतील जागेचा पत्ता जपून ठेवणारी वस्तू म्हणजे पॉइंटर. १९६४ च्या सुमारास हॅरल्ड लॉसन यांनी ही कल्पना पीएल-वन भाषेत आणली. पुढे डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेने ती सर्वत्र रूढ केली. ‘सी’मध्ये वापरून झालेली जागा परत करण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची असते. जागा परत केली तरी पत्ता हाती उरतो, आणि तेथे दुसरे कोणी येईपर्यंत जुना मजकूर बहुधा तसाच राहतो. त्यामुळे चुकीचा प्रोग्रामही बिनबोभाट चालतो.

जिम ग्रे यांनी १९८५ साली, तपासू लागताच नाहीशा होणाऱ्या दोषांसाठी ‘हायझेनबग’ हा शब्द वापरला. आपला दोष याच्या उलट: तपासू लागले की प्रकटणारा. विंडोज एनटीमध्ये डीबगरखाली सुरू केलेल्या प्रोग्रामला स्मृतीची निराळी व्यवस्था मिळे. परत केलेली जागा तेथे ठरावीक खुणेने भरली जाई. पत्त्याच्या जागी ‘एफ-ई-ई-ई’ ही अक्षरे दिसली, की जाणकार ओळखत: घर रिकामे झाले आहे. प्रोग्राम आधी सुरू करून डीबगर मागाहून जोडला, तर ही व्यवस्था लागू होत नसे. दोन्ही रीतींनी चालवून पाहणे, ही निदानाची पहिली पायरी होती.

ही व्यवस्था बंद करण्याची सोयही होती. २०१५ च्या व्हिज्युअल स्टुडिओने तर वेगासाठी ती आपणहून बंद ठेवली. वेगासाठी हे योग्यच; पण दोष दिसू नये म्हणून ती बंद करणे म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापक फोडणे होय. डीबगर दोष निर्माण करीत नाही, तो केवळ झाकण उचलतो.

झाकलेल्या दोषाची किंमत मोठी असते. क्रोम ब्राउझरच्या अभियंत्यांनी २०२० साली नोंदविले, की त्यांच्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या हाताळणीतले होते आणि त्यांतील निम्मे परत केलेल्या जागेच्या वापराचे. म्हणूनच २००२ मधील व्हॅलग्रिंड आणि २०१२ मधील अ‍ॅड्रेससॅनिटायझर ही साधने असा दोष मुद्दाम उघडा पाडण्यासाठीच घडविली गेली.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: परीक्षेत चूक दिसली, तर परीक्षेला बोल लावू नका. चूक आधीपासून तेथे होती. ती आपल्या हाती सापडली, हे भाग्यच समजा.