कुबट वास, घरगुती वातानुकूलन यंत्रणेतील (संयुक्त अरब अमिरात)

घरातला एसी सुरू होताच झोताबरोबर येणारा बुरशीचा, आंबूस किंवा ओल्या मोज्यांसारखा वास. यंत्रणेत साचून राहिलेला ओलावा हे त्याचे मूळ. धूळ फक्त बुरशीला आणि जिवाणूंना खाद्य पुरवते. संयुक्त अरब अमिरातीतील दुबई, शारजा, अजमान, अबू धाबी या किनारी शहरांत एसी ही चैन नसून राहण्याची अट आहे. त्यामुळे हा वास तिथल्या घरांत दिवसरात्र सोबत करतो.

वाळवंट म्हणजे कोरडी हवा हा समज या किनाऱ्याला लागू पडत नाही. आखात उथळ असल्याने ऑगस्टमध्ये समुद्राचे पाणी ३२ अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि रात्रीची हवा बाष्पाने जड होते. पाऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मोजलेले तापमान ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची सीमा मानली जाते. जगात ती क्षणकाळ ओलांडल्याची नोंद झालेल्या मोजक्या ठिकाणांत रास अल खैमा आहे. एसीच्या कॉइलवर याचा परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहावे. ३५ अंश तापमानाच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २८ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा १२ अंशांपर्यंत थंड झाली की जेमतेम ११ ग्रॅम धरून ठेवते. उरलेले १७ ग्रॅम पाणी कॉइलवरून ओघळते. दाराच्या फटीतून, न्हाणीघराच्या एक्झॉस्ट पंख्याने ओढल्यामुळे बाहेरची हवा जितकी आत येते, तितके हे पाणी वाढते. दुबईच्या जुन्या अल फहिदी वस्तीतील घरे बरजील नावाच्या वातमनोऱ्यांनी थंड ठेवली जात. तिथे कॉइल नव्हती, त्यामुळे हे दुखणेही नव्हते.

खिडकीचा एसी आणि स्प्लिट जुन्या इमारतींत दिसतात. नव्या इमारतींत बहुधा फॉल्स सीलिंगमध्ये फॅन कॉइल युनिट बसवलेले असते आणि त्यात थंड पाणी खेळवले जाते. हे पाणी इमारतीच्या स्वतःच्या चिलरमधून येते किंवा संपूर्ण वस्तीला गारवा पुरवणाऱ्या कंपनीकडून. अबू धाबीची तबरीद (१९९८) आणि दुबईची एम्पॉवर (२००३) ही अशा कंपन्यांची ठळक उदाहरणे. या युनिटला पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. तो अडकून उघडाच राहिला, तर पंखा बंद असतानाही कॉइल गारठलेली राहते, नळ्यांना घाम सुटतो आणि छताच्या आत पाणी मुरते. भाडेकरूला दिसतो तो फक्त जाळीभोवतीचा काळपट डाग.

न्हाणीघराच्या छतातली झडप उघडून टॉर्च मारला की बहुतेक उत्तर समोर असते. फिल्टरवर पिठासारखी बारीक रेती. स्वयंपाकघराजवळच्या युनिटमध्ये फोडणीच्या वाफेने तीच रेती चिकट झालेली. कॉइलखालच्या तसराळ्यात तळाशी गुलाबी-करडा बुळबुळीत साका. ब्लोअरच्या पात्यांवर आणि आतल्या इन्सुलेशनवर काळे ठिपके. तसराळे ड्रेनच्या दिशेने उतरते नसेल, तर पाणी एका कोपऱ्यात कायम उभे राहते. अनेक घरांत सगळा घोळ एवढ्या एका चुकीच्या उतारातून सुरू झालेला असतो.

वासावरून जागा ओळखता येते. सुरू होताच येऊन काही मिनिटांत विरणारा आंबूस वास कॉइलवरच्या जिवाणूंच्या थराचा असतो. सतत येणारा बुरशीचा वास भिजलेल्या इन्सुलेशनचा किंवा डक्टचा. गटाराचा वास आला, तर ड्रेनच्या नळीतला पाण्याचा ट्रॅप सुकलेला असतो. हिवाळ्यात एसी फारसा चालत नाही तेव्हा हे हमखास होते आणि तांब्याभर पाणी ओतले की थांबते. जळका वास आल्यास मात्र वीज बंद करून तंत्रज्ञालाच बोलवावे.

इथल्या मराठी घरांचा एक ठरलेला हंगाम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की कुटुंबे मुंबई, पुणे, कोल्हापूर, रत्नागिरीकडे जातात. बिल वाचवायचे म्हणून मेन स्विच बंद केला जातो, आणि नेमके तेच वर्षातले सर्वांत दमट आठवडे असतात. ओली कॉइल, भरलेले तसराळे आणि बंद खिडक्या अशा घरात बुरशी आधी कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर, मग गाद्यांवर, शेवटी डक्टमध्ये पसरते. वाचलेल्या बिलापेक्षा पुढची सफाई महाग पडते. जाताना थर्मोस्टॅट २६-२७ अंशांवर आणि पंखा ‘ऑटो’वर ठेवावा, तसराळे रिकामे असल्याची खात्री करावी, कपाटांची दारे उघडी ठेवावीत. किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी, म्हणजे आठवड्यातून एकदा कोणी डोकावेल.

राहत्या घरातही पंखा ‘ऑन’वर ठेवण्याची सवय घातक आहे. थंड पाणी किंवा कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा फिरत राहिला की कॉइलवरचे पाणी पुन्हा खोलीत उडते. गरजेपेक्षा मोठा एसीही वाईट: तो खोली झटकन गार करून थांबतो आणि बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालण्यास नगरपालिकेची मनाई असल्याने ते हॉलमध्ये स्टँडवर वाळतात. तो ओलावाही शेवटी कॉइलवरच उतरतो. आर्द्रता मोजणारे साधे घड्याळ भिंतीला लावावे आणि काटा ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा.

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाण्याची वाट मोकळी करावी: ड्रेन नळी, ट्रॅप, तसराळ्याचा उतार. मग वीज बंद करून कॉइल सौम्य, ॲल्युमिनियमला न खाणाऱ्या क्लीनरने धुवावी आणि ब्लोअर बाहेर काढून साफ करावा. ब्लीच वापरू नये. ते पात्यांना गंजवते आणि त्याची वाफ घरभर फिरते. फिल्टर उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी धुऊन पूर्ण सुकवूनच बसवावा. काचतंतूचे इन्सुलेशन एकदा बुरशीने धरले की ते स्वच्छ होत नाही, बदलावेच लागते. सुगंधी फवारा वास झाकतो, बुरशी तशीच वाढत राहते. ‘गॅस भरून घ्या’ हा सल्लाही या तक्रारीवर निरुपयोगी आहे. डक्टमध्ये धूर सोडून ‘निर्जंतुक’ करण्याच्या जाहिराती मोहक असतात, पण ओल कुठून येते ते न शोधता त्यावर खर्च केला, तर वास परत येतो. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा वृद्ध असतील तर यात दिरंगाई करू नये.

१६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे २५४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा. पाणी शिरलेल्या घरांत पुढचा धोका बुरशीचा होता. भिजलेल्या जिप्सम बोर्डावर ती एक-दोन दिवसांत धरू शकते.

खर्च कोणाचा, यावर घरमालक आणि भाडेकरू यांच्यात नेहमी वाद होतो. दुबईच्या २००७ च्या कायदा क्रमांक २६ मधील कलम १६ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल, तर देखभाल आणि दुरुस्ती मालकाची. अडचण त्या ‘वेगळे ठरले नसेल’ या शब्दांत आहे, कारण बरेच करार किरकोळ दुरुस्ती भाडेकरूवर टाकतात. म्हणून सही करण्याआधी एसी अर्धा तास चालवून वास घ्यावा, छतातली झडप उघडून पाहावी, फोटो काढावेत आणि कॉइल व डक्टची सफाई कोणी करायची ते करारात लिहूनच घ्यावे.