वर्दी बदलली, वाट बदलली : नूर इनायत खानची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहून झालं, आणि सगळ्या उठायच्या बेतात असताना एक ताई म्हणाल्या, "जरा बसा, माझं एक घरचं विचारायचं आहे." त्यांची मुलगी पोलिसात शिपाई आहे. आता तिला गुप्तवार्तेच्या कामाकडे जायचं आहे, आणि ती परीक्षेचा अभ्यास करते आहे. ताईंचं म्हणणं असं, की अंगावर वर्दी आहे, गावात मान आहे. ते सोडून नाव-गाव लपवायच्या कामात कशाला जायचं?

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण आम्ही दोघी-तिघींनी वाचायला घेतलं आणि ज्या बाईपाशी येऊन थांबलो, तिची गोष्ट आज सांगणार आहोत. तिचं नाव नूर इनायत खान.

नूरचे वडील इनायत खान मूळचे बडोद्याचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव गायकवाड तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते. इनायत खानांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये तिथे संगीतशाळा सुरू केली. इनायत खान वीणा वाजवायचे आणि सूफी विचार सांगत देशोदेशी फिरायचे. आई अमेरिकन. नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ चा, मॉस्कोतला, आणि वाढली ती पॅरिसजवळ. ती तेरा वर्षांची असताना वडील गेले. आई दुःखात बुडाली, तेव्हा चार भावंडांत थोरली असलेल्या नूरनेच घर सावरलं. थोरल्या लेकीवर काय काय येऊन पडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढे ती संगीत शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ साली लंडनमध्ये छापलं गेलं.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि जूनमध्ये हे कुटुंब बोटीने इंग्लंडला पोचलं. अहिंसेच्या वातावरणात वाढलेली ही मुलगी. पण नाझींचा जुलूम बघत नुसतं बसून राहायचं नाही, हे तिने आणि तिच्या भावाने ठरवलं. नोव्हेंबर १९४० मध्ये ती ब्रिटिश वायुदलाच्या महिला सहायक शाखेत दाखल झाली. तिथे बिनतारी संदेश पाठवायचं काम शिकली. खालच्या पायरीवरची ही नोकरी होती, पण रोजचं काम ठरलेलं, अंगावर गणवेश आणि डोक्यावर छप्पर.

तिथून तिने शाखा बदलली ती अशी. शत्रूच्या मुलखात गुप्त काम करण्यासाठी ब्रिटनने १९४० मध्ये स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह नावाची संस्था काढली होती. तिला फ्रेंच अस्खलित बोलणारी आणि बिनतारी यंत्र चालवता येणारी माणसं हवी होती. नूरला दोन्ही येत होतं. १९४२ च्या अखेरीस तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घेणाऱ्यांनी लपवाछपवी केली नाही. पकडली गेलीस तर गणवेशाचं संरक्षण नसेल, छळ होईल, बहुधा परत येणार नाहीस, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ती हो म्हणाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिची बदली झाली. कागदोपत्री ती 'फर्स्ट एड नर्सिंग यिओमनरी' या महिलांच्या तुकडीत गेली, खरं काम मात्र वेगळंच होतं.

प्रशिक्षणात तिच्याबद्दल मतं दोन होती. यंत्रावर हात चांगला, पण स्वभाव हळवा, खोटं बोलणं जमत नाही, अशा कामाला ही बाई योग्य नाही, असे शेरे पडले. वरिष्ठांनी ते बाजूला सारले. माणसांची टंचाई होती, म्हणून शिक्षण पुरं व्हायच्या आतच, १६ जून १९४३ च्या रात्री, छोट्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवलं. बाहेर सांगायचं नाव जान-मारी रेनिये, धंदा मुलं सांभाळण्याचा, आणि सांकेतिक नाव मॅडलीन. या संस्थेने फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला बिनतारी चालक.

आता समोर कोण होतं ते ऐका. हेरगिरी म्हणजे दुसऱ्याचं गुपित काढणं. आणि आपल्या घरात शिरलेला हेर ओळखणं, त्याला पकडणं, त्याच्याच हातून त्याच्या माणसांना फसवणं, याला म्हणतात प्रतिहेरगिरी. पॅरिसमध्ये ८४, ॲव्हेन्यू फॉश या इमारतीत जर्मनांचं हे खातं बसलेलं होतं. संदेश कुठून जातो हे हुडकणाऱ्या त्यांच्या गाड्या रस्त्यांवर फिरत. म्हणून यंत्र एका जागी फार वेळ चालवता येत नसे. सुमारे पंधरा किलोची पेटी घेऊन सारखं घर बदलायचं. असा चालक सहा आठवडे टिकला तरी पुष्कळ, असं तेव्हा मानलं जाई.

नूर उतरली आणि दहाएक दिवसांतच तिचं जाळं फुटलं. म्होरक्या पकडला गेला, मागोमाग पुष्कळ जण गेले. लंडनने तिला परत बोलावलं. ती म्हणाली, मी गेले तर पॅरिसमधून बोलणारं कुणी उरणार नाही. केसांचा रंग बदलत, घरं बदलत तिने सुमारे साडेतीन महिने काम केलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये कुणीतरी पैशासाठी तिचा ठावठिकाणा सांगितला.

कैदेत तिने काहीच कबूल केलं नाही. युद्धानंतर त्या इमारतीतल्या जर्मन प्रमुखानेच हे सांगितलं. दोनदा पळायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा तर छपरावरून. मग तिला जर्मनीतल्या तुरुंगात साखळदंडात, एकटीला ठेवलं. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला आणि तिच्यासारख्याच तीन बायांना गोळ्या घातल्या. ती तीस वर्षांची होती. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लंडनमध्ये गॉर्डन स्क्वेअरला २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपवता आली असती. पण आम्हाला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच एका गोष्टीने.

नूरने पाठवलेल्या संदेशांच्या प्रती एका वहीत ठेवल्या होत्या. कदाचित सूचनेचा अर्थ चुकीचा घेतला, कदाचित शिक्षण अर्धवट राहिलं म्हणून. ती वही जर्मनांच्या हाती लागली. तिने तोंड उघडलं नाही, पण वहीने उघडलं. जर्मन तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले. लंडनला वाटलं, नूर अजून मोकळी आहे. त्यांनी आणखी माणसं पाठवली आणि ती थेट शत्रूच्या हातात उतरली. त्यातलीच एक, मॅडलीन दामेरमां, डाखाऊला नूरसोबत मारली गेली.

लंडनला कळायला मार्ग नव्हता असंही नाही. प्रत्येक चालकाची संदेशात घालायची एक गुप्त खूण ठरलेली असे. खूण नसली तर समजायचं, काहीतरी बिनसलं आहे. नूरच्याच जाळ्यातल्या एका पकडलेल्या चालकाच्या नावाने असा खूण नसलेला संदेश गेला. लंडनने उलट कळवलं, खूण घालायला विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. म्हणजे धोक्याची घंटा वाजली आणि ऐकणाऱ्याने घंटेलाच दटावलं.

हे वाचताना आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्याच एका गटात पूर्वी पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर आम्ही सह्या करून ठेवायचो. ठराव नंतर लिहू, आपलीच बाई आहे, असं म्हणायचो. इतिवृत्तात सह्या कमी दिसल्या तर, "विसरली असेल, पुढच्या वेळी घे," असं सांगून पान उलटायचो. एक दिवस पासबुकात रक्कम कमी निघाली. ती भरून काढायला सगळ्यांना वर्षभर जड गेलं. तिथे पैसे गेले, इथे जीव गेले. पण वागणं तेच. खूण ठरवायची आणि ती चुकली की मनाची समजूत घालायची.

युद्ध संपल्यावर याच संस्थेतली एक अधिकारी, व्हेरा ॲटकिन्स, जर्मनीला गेली. बेपत्ता झालेल्या शंभराहून जास्त जणांचं काय झालं हे तिने तुरुंग आणि छावण्या धुंडाळून, जर्मन अधिकाऱ्यांची उलटतपासणी घेऊन शोधलं. नूरबद्दल आधी चुकीच्या छावणीचं नाव हाती आलं होतं, ते तिने पुढे दुरुस्त केलं. ही चौकशी वेळीच झाली असती तर, असं वाटल्यावाचून राहत नाही.

परवाच्या बैठकीत आम्ही हे सगळं ताईंना सांगितलं. वाटलं होतं, घाबरतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "त्या पोरीला धोका आधी सांगितला होता ना?" आम्ही म्हटलं, हो, स्पष्ट सांगितला होता. "आणि शिक्षण पुरं दिलं नव्हतं." तेही खरं.

"मग माझ्या पोरीला मी अडवत नाही," ताई म्हणाल्या. "पण शिक्षण अर्धं टाकून कुणी पुढे ढकललं, तर नाही म्हणायचं, एवढं तिला सांगते."

त्या दिवसाच्या इतिवृत्तात हे बोलणं लिहिलं आहे. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. या वेळी आम्ही त्या मोजून घेतल्या.