सव्वादोन फुटांचें अंतर

दोन गांवांमधील अंतर विचारलें असतां आपण मैलांचा किंवा किलोमीटरांचा आंकडा सांगून मोकळे होतों. जुने लोक ‘तें गांव किती मजलांवर आहे?’ असें विचारीत. आणि मजल म्हणजे एका दिवसाची चाल. अंतर व काळ हीं दोन्ही त्या एका शब्दांत एकवटलेलीं होतीं. जालन्याचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे जुन्यांचेंच माप अधिक खरें होतें असें म्हणावें लागतें.

जालन्याहून मुंबई सरळ रेषेंत सुमारें सव्वातीनशें किलोमीटर आहे. मनमाडच्या वळशामुळें आगगाडीला सुमारें ४३५ किलोमीटर चालावें लागतें. परंतु जालन्याला मुंबईपासून दूर ठेवलें तें या वळशानें नव्हे. १९०० सालच्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे निजामी मुलखांतून मनमाडपर्यंत आली, तिच्या दोन रुळांमध्यें अंतर होतें एक मीटर, म्हणजे सुमारें सव्वातीन फूट. आणि मनमाडास तिची गांठ पडे ती जी. आय. पी. रेल्वेच्या साडेपांच फुटी रुळांशीं. अरुंद रूळ घालणें स्वस्त पडतें खरें. पण तो लाभ एकदांच व्हावयाचा, त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागे. ‘सोनेका पालना’ म्हणून नांवाजलेल्या जालन्याच्या पेठेंतील कापूस रेल्वेनें मुंबईस धाडावयाचा, तर मनमाडास एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरणें प्राप्त होतें. उतारूंचीही तीच गत.

निजामाच्या अमदानींत याचें फारसें नवल नव्हतें. राजधानी हैदराबाद होती व तिकडे गाडी थेट जाई. १९४८ सालीं ती राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र निर्माण झाला. राजधानी बदलली, रूळ मात्र तेच राहिले. ते रुंद झाले १९९० नंतरच्या दशकांत. मनानें जोडलेला प्रदेश लोखंडानें जोडावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. प्रवास सुमारें सात तासांचा. चिकलठाण्याच्या विमानतळावरून विमान तासाभरांत मुंबईस पोहोंचतें. पण जालनेकराला आधीं पन्नासएक किलोमीटर उलगडून तेथें जावें लागतें, विमान सुटण्याची वाट पाहावी लागते, आणि तासाचा प्रवास अर्ध्या दिवसाचा होतो. तेव्हां नवा मार्ग आंखणाऱ्यानें वेगाचा हिशेब अवश्य करावा. पण वाटेंत माणसाला कितीदां उतरावें लागेल, हें त्याच्याही आधीं विचारावें. चारशें किलोमीटर तोडणें यंत्राला जड गेलें नाहीं. सव्वादोन फूट तोडण्यास राज्यकर्त्यांना जवळजवळ शतक लागलें.